विदर्भातल्या खेड्यातला वाणी, सावकार आणि वैश्य वर्ण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिमेकडच्या वऱ्हाडात काय किंवा पूर्वेकडच्या झाडीपट्टीत काय, जातीच्या इतिहासावर बोलणं निघालं की व्यापारी जातींपाशी येऊन ते थांबतं. 'मारवाड्यानं लुटलं' असं कोणी म्हणतं, तर 'वाण्याचं पोरगं हिशेबात हुशारच असते' असं दुसरं कोणी. दोन्ही बोलणी मला खटकतात. कापसाच्या कर्जात आपल्या आजा-पणजाचं वावर कसं गेलं, याचा पत्ता त्यांतून लागत नाही, आणि दोष किंवा श्रेय मात्र सरळ जन्माच्या नावावर टाकलं जातं. विद्यार्थी, शिक्षक आणि गावातली जाणती मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे घेतले आहेत.

ग्रंथांत वैश्य कोणाला म्हटलं आहे?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मांड्यांपासून वैश्य झाला असं सांगितलं आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात त्याची कामं दिली आहेत : पशुपालन, दान, यज्ञ, अध्ययन, व्यापार, व्याजबट्टा आणि शेती. गीतेच्या अठराव्या अध्यायात तेच 'कृषिगौरक्ष्यवाणिज्यं' असं थोडक्यात येतं. मुंजीचा अधिकार असलेल्या तीन वर्णांपैकी हा तिसरा.

गीतेच्या त्या ओळीत शेती पहिली आहे, हे ध्यानात ठेवा. पुढचा प्रश्न तिथूनच निघतो.

मग शेती करणारा कुणबी वैश्य का ठरला नाही?

हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो एखादा कुणब्याचा किंवा माळ्याचा मुलगा विचारतो. त्याचं म्हणणं रास्त आहे. ग्रंथातली व्याख्या लावायची तर विदर्भातला सगळ्यात मोठा वैश्यवर्ग नांगर धरणाऱ्या कास्तकारांचाच व्हायला हवा होता. प्रत्यक्षात कुणबी, माळी, तेली यांना धर्मशास्त्र सांगणाऱ्यांनी शूद्रांत घातलं.

त्यामागे एक मत होतं : 'कलावाद्यन्तयोः स्थितिः', म्हणजे कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, ब्राह्मण आणि शूद्र. महाराष्ट्रात या मताचा मोठा पगडा होता. त्याच्या जोरावर १८९९ च्या सुमारास कोल्हापुरात खुद्द शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारला गेला आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. जिथे छत्रपतींचं क्षत्रियत्व मान्य होत नव्हतं, तिथे गावच्या वाण्याला वैश्य म्हणून मुंजीचा मान सहज कोण देणार? वर्ण कोणाचा कोणता, हे कामावरून ठरत नव्हतं. ज्याच्या हाती पोथी होती त्याच्या शब्दावरून ठरत होतं.

तुकोबांचं उदाहरण घ्या. घराणं कुणब्याचं, देहूत महाजनकी आणि दुकान. ते स्वतःच सांगतात, 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव'. जात एक आणि धंदा दुसरा, हे त्यांनी सतराव्या शतकात एका ओळीत सांगून टाकलं. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. सावकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या कृतीची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

वर्ण आणि जात एकच का?

नाही. वर्ण चार, ते पोथीतले. जाती शेकडो, त्या गावातल्या. सोयरीक, पंगत आणि पंचायत जातीत चालते, वर्णात चालत नाही. राजस्थानातून आलेले माहेश्वरी आणि तेलुगू मुलखातून आलेले कोमटी दोघेही स्वतःला वैश्य म्हणवतात, पण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत लग्नं करत नव्हते.

विदर्भात व्यापार करणाऱ्या जाती कोणत्या?

भागाभागानं वेगळ्या. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा 'लाडांचं कारंजा' म्हणून ओळखलं जातं. लाड वाणी आणि जैन व्यापाऱ्यांची ही जुनी पेठ. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये कारंजा लुटलं ते तिथल्या संपत्तीसाठीच. त्यावरून या पेठेचा दबदबा किती होता याचा अंदाज येतो. म्हणजे इंग्रज आणि रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडात मोठा व्यापार होता.

पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळचा वणी-पांढरकवडा पट्टा, इथे कोमटी समाज आहे. तेलुगू मुलखातून आलेला. आर्य वैश्य म्हणवणारा. वासवी कन्यका परमेश्वरी ही त्यांची कुलदेवता. घरात तेलुगू आणि दुकानात मराठी, हे त्यांच्या जुन्या पिढीत सर्रास दिसायचं. आडनावाच्या शेवटी 'वार' दिसला की लोक सरळ कोमटी समजतात, पण तेलुगू मुलखातून आलेल्या इतर जातींतही असली आडनावं आहेत, तेव्हा त्यावरून जात ठरवू नका.

राजस्थानातून आलेल्या माहेश्वरी, अग्रवाल, ओसवाल यांना गावकरी सरसकट मारवाडी म्हणतात. त्यांतले ओसवाल बहुतेक जैन. लिंगायत वाणी हे बाराव्या शतकात वर्णभेद झुगारणाऱ्या बसवेश्वरांच्या परंपरेतले, त्यांना वैश्य वर्णात बसवणं मुळातच विसंगत आहे. कच्छी मेमन आणि बोहरी हे मुसलमान व्यापारीही जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पेठांत आहेत. व्यापार म्हणजे वैश्य, वैश्य म्हणजे हिंदू वाणी, हे समीकरण कोणत्याही एका आठवडी बाजारात फिरलं तरी टिकत नाही.

मारवाडी विदर्भात कधी आणि कसे आले?

काही घराणी नागपूरकर भोसल्यांच्या काळात आणि पुढे इंग्रजांच्या कामठी छावणीच्या आधारानं आलेली होती. खरी लाट आली ती कापसामुळे. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या पऱ्हाटीकडे डोळे लावले. भाव चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आले होते. एका कापूसपेठेसाठी व्हाइसरॉय येतो, यावरून इंग्रजांना इथल्या कापसाची गरज किती होती ते कळतं.

इंग्रज कंपन्यांना गाठी हव्या होत्या, पण खेड्यापाड्यांत जाऊन कास्तकाराला पेरणीआधी पैसा पुरवणारा माणूस त्यांच्याकडे नव्हता. ती जागा मारवाडी व्यापाऱ्यानं भरली. त्याच्याकडे हुंडी, म्हणजे दूरच्या पेठेत पैसे मिळवून देणारी चिठ्ठी, होती, दूरच्या पेठांत नातलगांच्या पेढ्या होत्या, आणि नवीन आलेल्या पोराला आपल्या जातवाल्याच्या दुकानात जेवण, निवारा आणि धंद्याचं शिक्षण मिळायचं. उपजत हुशारी म्हणून जिचं कौतुक होतं ती बरीचशी ही जोडलेली माणसं आणि मिळालेलं भांडवल आहे. कुणब्याच्या पोराला असं जाळं मिळालं असतं तर त्यानंही पेढी चालवली असती, असं मी ठामपणे म्हणतो.

रेल्वेच्या आधी माल कोण नेत होतं?

मोठ्या प्रमाणात बंजारा. बैलांच्या पाठीवर गोणी लादून तांडेच्या तांडे चालायचे. किनाऱ्याकडून मीठ यायचं, इथून धान्य आणि कापूस जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावतीकडचा कापूस बैलांवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता.

धंदा म्हटला तर हा शुद्ध व्यापार, आणि जोडीला गोपालन. पोथीतल्या व्याख्येत बंजारा अगदी चपखल बसतो. तरी त्याला कोणी वैश्य म्हटलं नाही. रेल्वेनं लदेणी संपवली, बैल विकले गेले, तांडे माळरानावर स्थिरावले. आज महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. बंजाऱ्यांचं तीर्थ असलेल्या पोहरादेवीच्या यात्रेत जमणाऱ्या गर्दीकडे बघताना मला नेहमी वाटतं, आपल्या व्यापाराच्या इतिहासातलं हे पान शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं.

सावकारी चालायची कशी?

आधी धान्याची बघू. पेरणीच्या तोंडावर एक पोतं ज्वारी उचलायची, सुगीला सवाईनं सव्वा पोतं किंवा दीडीनं दीड पोतं परत करायची. म्हणजे पाच-सहा महिन्यांत पंचवीस ते पन्नास टक्के. त्यातही नेताना भाव चढा असायचा आणि देताना पडलेला.

पैशाचा व्यवहार वहीत असायचा. लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही, दिवाळीला पूजा करून उघडलेली, पहिल्या पानावर श्री आणि शुभ-लाभ. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. कास्तकाराच्या नावाच्या पानावर बियाण्याचे पैसे, पोळ्याला बैलांच्या झुलीसाठी नेलेले पैसे, पोरीच्या लग्नाचं लुगडं, मयतीचा खर्च, सगळं उजव्या बाजूला ओळीनं उतरायचं. डाव्या बाजूला वर्षातून एकदा, कापूस दिल्यावर, एक आकडा. मोडी किंवा महाजनी अक्षर, वाचणारा एकटा सावकार. कर्जदाराजवळ त्या पानाची नक्कल नसायची. मला विचाराल तर व्याजाच्या दराइतकाच हा एकतर्फी कागद घातक होता.

शास्त्रात दामदुप्पटीचा नियम होता : व्याज मुद्दलापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. त्यातून पळवाट म्हणजे खत पालटणं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहायचं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि हो, तेच शास्त्र व्याजातही वर्ण पाळत होतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात महिन्याला शेकडा दोन, तीन, चार, पाच असे दर वर्णाच्या क्रमानं दिले आहेत. ब्राह्मणाला सगळ्यात कमी, शूद्राला सगळ्यात जास्त.

वावर जाण्याची सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट गाडगेबाबांच्या लहानपणाची. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला डेबूजी दापुऱ्याला मामाकडे वाढला. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, मामा त्या धक्क्यानं खचले. तरण्या डेबूजीनं वावराचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांना हाकलून लावलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. 'कर्ज काढून सण करू नका' हे बाबा कीर्तनात कळवळून सांगायचे, ते का, हे यावरून समजतं.

सगळे सावकार वाणी-मारवाडीच होते का?

मुळीच नाही. देशमुख, पाटील, ब्राह्मण वकील, सधन कुणबी, सगळ्यांनी पैसे व्याजी लावले. पूर्व विदर्भात मालगुजारी होती, १९५१ मध्ये ती संपेपर्यंत अख्खी गावं मालगुजाराच्या मालकीची असायची. कर्जापायी कित्येक मालगुजाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेल्या हे खरं, तसंच कितीतरी मालगुजार जन्मानं व्यापारी जातीचे नव्हते आणि सावकारी तेही करायचे. आपल्या जातीच्या पाटलानं घेतलेलं वावर लोक विसरतात, परमुलखातून आलेल्याचं तेवढं पक्कं लक्षात राहतं. पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्यांत सावकाराला टोमणे बसतात, तिथे तो कोणत्या जातीचा हे बहुधा सांगितलेलंही नसतं. ते मला जास्त खरं वाटतं.

'शेटजी-भटजी' हा शब्द कुठून रूढ झाला?

सत्यशोधक चळवळीतून. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कास्तकार कर्जात कसा बुडतो हे तपशिलानं मांडलं, आणि अमरावती-बुलढाण्याच्या गावांत तो विचार चांगला रुजला. पंजाबराव देशमुख त्याच मातीतले. ते मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना त्यांनी कर्जमुक्तीचा प्रश्न लावून धरला आणि १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. लवाद मंडळासमोर सावकार आणि कर्जदार दोघांना बसवून रक्कम तोडायची आणि हप्ते बांधायचे, अशी पद्धत. वही त्रयस्थासमोर उघडावी लागली.

व्यापारी समाजातून कोणी या व्यवस्थेविरुद्ध उभं राहिलं का?

जमनालाल बजाज. सीकरजवळच्या खेड्यात १८८९ मध्ये जन्म, वर्ध्याच्या बच्छराज घराण्यात दत्तक. रायबहादुरी सोडली, गांधीजींना वर्ध्यात आणलं, सेवाग्राम त्यांच्यामुळे उभं राहिलं. माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात धाडसाचं काम १९२८ चं : वर्ध्याचं घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्यांना खुलं केलं. स्वतःच्या जातवाल्यांचा रोष पत्करून केलं. धर्मशाळा आणि गोरक्षण संस्थांना देणग्या पुष्कळांनी दिल्या, पण पैसा देणं सोपं असतं, सोयरिकीतली पत पणाला लावणं अवघड.

दलित माणसाला गावात दुकान टाकता यायचं का?

किराण्याचं, खाण्याच्या वस्तूंचं, नाही. त्याच्या हातचं मीठ-पीठ सवर्ण घेत नव्हते, मग दुकान चालणार कोणाच्या जिवावर? गिऱ्हाईक म्हणूनही त्याला ओट्याखाली उभं राहावं लागायचं. पैसे तो खाली ठेवायचा, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. पुडी वरून टाकली जायची, वजन बघायची सोय नव्हती. विदर्भातले महार विणकर जाडंभरडं कापड विणून बाजारात विकत, म्हणजे कौशल्य होतं, बाजाराची जाणही होती. गिरणीच्या कापडानं तो धंदा मोडला, आणि दुसऱ्या धंद्याचं दार जातीनं बंद ठेवलं. 'व्यापार ज्याला जमतो तो करतो' असं म्हणणाऱ्यानं हा ओटा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

जंगलपट्ट्यातला व्यापार वेगळा होता का?

बराच. गडचिरोली-चंद्रपुरात वहीपेक्षा मापाची फसवणूक मोठी. मीठ देऊन त्याच मापानं चारोळी घेतल्याच्या आठवणी गोंड-माडिया गावांतली म्हातारी माणसं आजही सांगतात. तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या कायद्यानं सरकारनं ताब्यात घेतला, ठेकेदार मात्र राहिला. खरा बदल वनहक्क कायद्यानंतर झाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ग्रामसभा स्वतः निविदा काढते, भाव ठरवते, पैसे बँकेत घेते. वणिक्‌पथावर, म्हणजे व्यापाराच्या वाटेवर, आता गोंड गाव उभं आहे, आणि मला याचा मनापासून आनंद आहे.

बाजार समित्या कशासाठी आल्या?

देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंज्याला १८८६ मध्ये सुरू झाला असं मानलं जातं, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. हेतू मुख्यतः इंग्रज खरेदीदारांना चांगला माल मिळावा हा होता, पण अडत, हमाली, तोलाई ठरलेली असावी हा नियम तिथून आला. पुढे १९७२ मध्ये राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. व्यापाऱ्याला बाजूला सारलं, पण चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, लांबले, बैलबंड्या दिवसेंदिवस रांगेत उभ्या राहिल्या. हातात रोख ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडे लोक चोरून कापूस देऊ लागले. २००२ नंतर खाजगी खरेदी पुन्हा खुली झाली.

आज गावातला 'वाणी' कोण?

कृषी केंद्रवाला. जून लागला की कास्तकार त्याच्या काउंटरवर उभा असतो. बियाण्याच्या पिशव्या, डीएपीचं पोतं, पुढे फवारणीची औषधं. "भाऊ, नगदी की सिझनवर?" हा एक प्रश्न विचारला जातो आणि भाव त्यावरून ठरतो. सिझनवर, म्हणजे पीक निघाल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर, नेलं तर प्रत्येक वस्तू थोडी महाग, वेगळं व्याज कुठे लिहिलेलं नसतं. कापूस निघाला की तोच किंवा त्याचा माणूस खेडा खरेदीला दारात गाडी आणतो. सीसीआय, म्हणजे सरकारी भारतीय कपास निगम, आठ ते बारा टक्के ओलाव्याचा कापूस मोजून घेते. दारातल्या खरेदीत ओलावा हातानं दाबून ठरतो आणि क्विंटलमागे कट्टी, म्हणजे वजनातली सूट, कापली जाते. उधारी त्याचीच असल्यानं कास्तकार हुज्जत घालत नाही.

हा कृषी केंद्रवाला कुणबी असतो, तेली असतो, माळी, बंजारा, मारवाडी, कोणीही. काही जण अडचणीत खरोखर सांभाळून घेतात, हेही सांगायला हवं. पण जुन्या लाल वहीतली उजवी बाजू जशीच्या तशी त्याच्या मोबाइलमध्ये आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, दुकानदाराची जात नंतर विचारा, आधी बिल मागा.

सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर आज काय करता येतं?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ लागू आहे. आपल्याकडे गहाणखताऐवजी 'नावापुरतं' खरेदीखत करून घ्यायची रीत आहे, तोंडी बोली अशी की पैसे फेडले की जमीन परत. अशा व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. तो सावकारीतूनच झाला होता असं चौकशीत सिद्ध झालं, आणि अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला असेल, तर खत रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश ते देऊ शकतात. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणावर १२ टक्के यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. पैसे दिल्या-घेतल्याच्या चिठ्ठ्या, साक्षीदारांची नावं, पेरा कोणी केला याचे सातबाऱ्यावरचे उल्लेख जपून ठेवा. चौकशीत तेच उपयोगी पडतात.

जातीच्या दाखल्यावर 'वैश्य' लिहितात का?

आरक्षणाचा दाखला जातीच्या नावानं मिळतो, वर्णाच्या नावानं नाही. उपविभागीय अधिकारी दाखला देतात, पडताळणी जिल्हा समिती करते. पुरावा लागतो तो जुन्या शाळेच्या किंवा महसुली नोंदीचा : इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. जुन्या नोंदीत 'वाणी' हा कधी धंदा म्हणून लिहिलेला असतो, कधी जात म्हणून. तेव्हा एका कागदावर विसंबू नका, आजोबा-पणजोबांच्या दोन-तीन नोंदी काढा.

आमच्या माळ्यावर जुन्या खातेवह्या पडल्या आहेत. त्यांचं काय करावं?

रद्दीत देऊ नका, ही हात जोडून विनंती. घराणं सावकाराचं असेल तर लाज वाटून जाळूही नका. कोणत्या साली कापसाला काय भाव होता, कोणत्या घरानं कशासाठी कर्ज काढलं, दुष्काळात किती पानं कोरी राहिली, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. वह्या वाळवा, कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधा, प्रत्येक पानाचे मोबाइलवर फोटो काढा. मोडी वाचणारे आता बऱ्याच जिल्ह्यांत मिळतात, महाजनी अक्षरासाठी आपल्याच समाजातल्या जुन्या मुनिमाला गाठावं लागेल, आणि ते लवकर. नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग यांना दाखवा. वह्या द्यायच्या नसतील तर निदान फोटो तरी द्या.